रस्त्यावर चालणाऱ्या इंजिनासाठी सिलिंडर हेड कसं निवडावं

इंजिनाची ताकद वाढवायची म्हटलं की नजर आधी सिलिंडर हेडवर, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणावर जाते, आणि ते योग्यच आहे. इंजिन किती हवा आत घेईल, मिश्रण किती नीट पेटेल आणि जळालेला वायू किती सहज बाहेर पडेल, या तिन्ही गोष्टी हेडच्या हातात असतात. ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन कितीही दणकट असले तरी हेड जेवढा श्वास घेऊ देईल तेवढंच इंजिन ओढणार. घोटाळा होतो तो हेड निवडताना. सगळ्यात मोठे पोर्ट (हेडमधल्या हवेच्या वाटा), सगळ्यात मोठे व्हॉल्व्ह (त्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा) आणि फ्लोचा (त्यातून वाहणाऱ्या हवेचा) सगळ्यात मोठा आकडा पाहून खरेदी होते. मग गाडी सिग्नलवरून निघताना आळसावते, ॲव्हरेज कोसळतं, आणि विकत घेतलेली ताकद ज्या आरपीएमला मिळते तिथे रोजच्या वापरात काटा कधी पोचतच नाही.

इथे मी मुख्यतः पेट्रोलवरच्या, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या पुश रॉड (ब्लॉकमधून दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) व्ही-८ इंजिनांबद्दल लिहितो आहे, कारण निवडीचा खरा प्रश्न तिथेच पडतो. शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक १९५५ साली आलं आणि तेव्हापासून त्याच ब्लॉकवर बसतील अशी इतकी हेडं निघाली की नवख्याला गरगरायला होतं. लोखंडी, ॲल्युमिनियमची, ट्रकची, रेसची, छोट्या पोर्टची, मोठ्या पोर्टची. उदाहरणं मी त्याच घराण्यातली घेणार आहे. तत्त्व मात्र कुठल्याही इंजिनाला लागू पडतं.

काटा कुठे फिरतो ते आधी बघा

हेडच्या याद्या चाळण्यापूर्वी एक हिशोब करा. आपलं इंजिन बहुतेक वेळ किती आरपीएमला चालतं? ६६ सेंटिमीटर व्यासाचं चाक आणि ३.०८ चा मागच्या ॲक्सलचा गिअर धरला, तर ताशी १०० किलोमीटरला डायरेक्ट गिअरमध्ये इंजिन साधारण २,५०० आरपीएमला फिरतं. ३.७३ चा गिअर असेल तर ३,०००. गिअरबॉक्सला ०.७० चा ओव्हरड्राइव्ह असेल, तर ३.०८ वर ते जेमतेम १,७५० ला उतरतं. शहरातल्या वेगात इंजिन बराचसा वेळ याच्याही खाली असतं. कधीतरी मोकळा रस्ता मिळतो, पाय खाली जातो, काटा ५,५०० पर्यंत चढतो आणि काही सेकंदांत परत येतो.

म्हणजे रस्त्यावरच्या इंजिनाचं आयुष्य १,५०० ते ३,५०० आरपीएममध्ये जातं. हेड या पट्ट्यासाठी निवडायचं आणि ५,५०० ला ते गुदमरणार नाही एवढं पाहायचं. हे पटलं की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सोपे होतात. जाहिरातीतला कमाल अश्वशक्तीचा आकडा ६,५०० आरपीएमचा असेल, तर तो आपल्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे.

पोर्टमधला वेग

नदीचं पात्र जिथे अरुंद होतं तिथे तेवढंच पाणी जास्त वेगाने जातं. इनटेक पोर्टचंही तसंच. पोर्ट लहान असेल तर हवा जोरात येते, मोठा असेल तर रेंगाळत येते. हा वेग किती महत्त्वाचा आहे ते आकड्यांतूनच नीट कळतं.

३५० घनइंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं स्मॉल ब्लॉक घ्या. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १०१.६ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.४ मिलिमीटर. २,५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ७.४ मीटर होतो. बोअरचं क्षेत्रफळ ८१ चौरस सेंटिमीटर. समजा पोर्टची सगळ्यात अरुंद जागा १३ चौरस सेंटिमीटरची आहे, तर तिथून हवा सरासरी ४६ मीटर प्रति सेकंद वेगाने जाते. तीच जागा १६ चौरस सेंटिमीटर केली की वेग ३७ वर येतो. इंजिन तेच, आरपीएम तोच, आणि हवेचा वेग पाचव्या हिश्श्याने कमी.

आता हा वेग कशासाठी हवा ते पाहा. पिस्टन तळाला पोचला की इनटेक व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही. बहुतेक कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, थोडक्यात कॅम) तो त्यानंतरही बराच वेळ, क्रँकच्या पन्नासेक अंशांपर्यंत उघडा ठेवतात. या काळात पिस्टन वर यायला लागलेला असतो. पोर्टमधल्या हवेला वेग असेल तर ती आपल्याच जोरावर आत घुसत राहते आणि सिलिंडर आणखी भरतो. वेग नसेल तर वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण उलट पोर्टमध्ये ढकलतो. कमी आरपीएमला मोठ्या पोर्टचं इंजिन सुस्त वाटतं ते प्रामुख्याने यामुळे. भरीला पेट्रोलचा प्रश्न आहे. कार्ब्युरेटरवरच्या किंवा पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोलचे थेंब हवेबरोबर तरंगत जावे लागतात. हवा रेंगाळली की थेंब पोर्टच्या भिंतीवर बसतात, एका सिलिंडरला मिश्रण घट्ट मिळतं, दुसऱ्याला पातळ. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन क्षणभर अडखळतं तेव्हा लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात. मूळ कारण हेडमध्ये असू शकतं.

वेगाला वरची मर्यादाही आहे. आवाजाच्या वेगाच्या निम्म्याच्या पुढे हवा जायला लागली की रोध झपाट्याने वाढतो आणि सिलिंडर भरणं कमी होत जातं. वरच्या उदाहरणातला लहान पोर्ट ६,००० आरपीएमला सरासरी ११० मीटरच्या आसपास असतो. क्षणिक वेग याहून बराच जास्त असतो. म्हणजे तो तिथे हद्दीकडे सरकलेला असतो, तर मोठा पोर्ट ९० वर निवांत असतो. रेसचं इंजिन सतत तिथेच राहत असल्यामुळे त्याला मोठा पोर्ट लागतो. रस्त्यावरच्या इंजिनाला ती चैन परवडत नाही.

याचा सगळ्यात चांगला धडा फोर्डच्या ३५१ क्लीव्हलंडने दिला. १९७० साली आलेल्या या इंजिनाच्या चार तोंडांच्या कार्ब्युरेटरवाल्या आवृत्तीला, म्हणजे ४व्ही हेडला, २.१९ इंचाचे इनटेक व्हॉल्व्ह आणि अवाढव्य पोर्ट होते. वरच्या आरपीएमला हे हेड विलक्षण चालायचं, रेसिंगमध्ये त्याने नाव कमावलं. पण जड गाडीत, कमी आरपीएमला, त्याची सुस्ती प्रसिद्ध होती. त्याच इंजिनाच्या २व्ही हेडचे पोर्ट आणि व्हॉल्व्ह लहान होते, म्हणून खालचा ओढा चांगला. पण अमेरिकेतल्या २व्ही हेडचा दहनकक्ष (मिश्रण जिथे पेटतं ती हेडमधली पोकळी) उघडा, पसरट होता आणि त्यात मिश्रणाची खळबळ नीट व्हायची नाही. ऑस्ट्रेलियात निघालेल्या ३०२ क्लीव्हलंडच्या हेडमध्ये २व्हीचे पोर्ट आणि लहान, बंदिस्त दहनकक्ष असं दोन्ही होतं. अमेरिकेतले जाणकार रस्त्यावरच्या इंजिनांसाठी ही हेडं मुद्दाम मागवत असत. लहान पोर्ट आणि नेटका दहनकक्ष, ही जोडी लक्षात ठेवा.

पोर्टचे सीसी आणि फ्लोचे आकडे

बाजारात पोर्टचं माप घनफळात सांगतात: १७० सीसी, १९५ सीसी, २२० सीसी. ३५० घनइंचाच्या रस्त्यावरच्या स्मॉल ब्लॉकसाठी मी १७० ते १९० सीसीच्या पुढे सहसा जाणार नाही. त्याच ब्लॉकला लांब स्ट्रोकचा क्रँक घालून ३८३ केलं तर १८५ ते २०० चालतं. ४०० च्या आसपास २१० पर्यंत. इंजिन मोठं झालं की तेवढ्याच आरपीएमला ते जास्त हवा ओढतं, म्हणून मोठ्या पोर्टमध्येही वेग टिकतो. म्हणूनच मित्राच्या ४०६ वर मस्त चाललेलं हेड आपल्या ३०५ वर बसवलं की निराशा पदरी येते.

पण हे सीसी फक्त एकाच घराण्यातल्या हेडांची तुलना करायला वापरा. घनफळ म्हणजे पोर्टच्या छेदाचं क्षेत्रफळ गुणिले लांबी. पोर्ट उंचावरून आणला की तो लांब होतो आणि अरुंद असूनही सीसी जास्त दिसतात. वेग ठरवते ती सगळ्यात अरुंद जागा. स्मॉल ब्लॉकमध्ये ती बहुधा पुश रॉडच्या बाजूला पोर्ट चिमटला जातो तिथे असते. चांगले बनवणारे हे क्षेत्रफळही सांगतात. सांगत नसतील तर विचारा.

फ्लोच्या तक्त्याकडे बघताना दोन गोष्टींची खात्री करून घ्या. पहिली, चाचणी किती दाबाला झाली. हल्ली बहुतेक आकडे २८ इंच पाण्याच्या दाबफरकाला दिलेले असतात, पण जुन्या चाचण्या १० इंचाला झालेल्या सापडतात. १० इंचाला १४० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) म्हणजे २८ इंचाला साधारण २३४. दोन आकडे शेजारी ठेवताना हे विसरलं तर चांगलं हेड वाईट दिसतं. दुसरी गोष्ट, कोणत्या लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचललेला असतानाचा आकडा. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा ०.७०० इंच लिफ्टचा असतो आणि रस्त्यावरच्या कॅमची कमाल लिफ्ट ०.४५० ते ०.५०० च्या घरात असते. व्हॉल्व्ह उघडताना आणि मिटताना मधल्या प्रत्येक लिफ्टमधून दोनदा जातो आणि टोकाला एकदाच पोचतो. तेव्हा ०.२०० ते ०.५०० इंचांमधले आकडे बघा. दोन हेडांमध्ये टोकाचा आकडा कमी पण मधले जास्त असतील, तर रस्त्यासाठी मी डोळे झाकून तेच घेईन.

किती फ्लो पुरे? एक प्रचलित ठोकताळा आहे: २८ इंचाला मोजलेले सीएफएम गुणिले सिलिंडरांची संख्या गुणिले ०.२५७, म्हणजे त्या हेडच्या आवाक्यातली अश्वशक्ती. ८ सिलिंडरना २०० सीएफएम म्हणजे ४११. हे सगळं जुळून आलेल्या इंजिनाचं गणित आहे, रस्त्यावरच्या इंजिनात त्यातून बरंच वजा होतं. तरीही ३५० अश्वशक्तीचं इंजिन बांधायचं असेल तर २२० सीएफएमचं हेड भरपूर झालं हे यातून दिसतं. मग २८० चं घेऊन खालचा टॉर्क का घालवायचा?

एक्झॉस्टची बाजू इनटेकच्या ७० ते ८० टक्के असली की ठीक. त्याहून बरीच कमी असेल तर एक्झॉस्टला जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम घेऊन सांभाळून घेता येतं.

व्हॉल्व्ह मोठा की पोर्ट नीट?

२.०२ इंची व्हॉल्व्ह या आकड्याला स्मॉल ब्लॉकच्या दुनियेत फार मान आहे. १९६० च्या दशकातल्या जोरदार कॉर्व्हेटवर (शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार) तो आला आणि मनात घर करून बसला. पण १९९६ साली ट्रकसाठी आलेल्या व्हॉर्टेक इंजिनाच्या लोखंडी हेडमध्ये १.९४ इंचाचेच व्हॉल्व्ह होते, आणि कारखान्यातून आलं तसंच ते हेड त्या जुन्या २.०२ वाल्यांपेक्षा जास्त हवा सोडतं. फरक पोर्टच्या आकारात आहे. हवा पोर्टमधून सरळ येते आणि व्हॉल्व्हच्या अगदी अलीकडे तिला झपकन खाली वळावं लागतं. त्या वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे त्रिज्या सगळ्यात लहान असते, हवा भिंत सोडून सुटते आणि भोवरे तयार होतात. व्हॉल्व्ह कितीही मोठा असला तरी त्याची ती बाजू मग कामालाच येत नाही. हे वळण उंच आणि गोलसर ठेवलं, व्हॉल्व्हच्या वरची वाटी नीट घडवली की लहान व्हॉल्व्हही मोठ्याला मागे टाकतो.

मोठ्या व्हॉल्व्हची आणखी एक अडचण असते. तो सिलिंडरच्या भिंतीला खेटतो. ३५० चा बोअर ४ इंचांचा आहे, तिथे २.०२ निभावतो. ३०५ चा बोअर ३.७३६ इंच. तिथे तोच व्हॉल्व्ह भिंतीला इतका चिकटतो की त्या बाजूने हवा आत शिरायला जागाच राहत नाही. लहान बोअरच्या इंजिनात मोठा व्हॉल्व्ह घालण्यासाठी खर्च करू नका.

दहनकक्ष आणि कॉम्प्रेशन

माझ्या मते हेडचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. लोक पोर्टवर तासन् तास बोलतात आणि दहनकक्षाचे सीसी घाईत वाचून सोडून देतात. रोजच्या गाडीच्या ओढ्यावर आणि ॲव्हरेजवर त्याचा परिणाम पोर्टपेक्षा कमी नाही.

३५० च्या एका सिलिंडरचं घनफळ सुमारे ७१७ सीसी. पिस्टन सपाट, त्यात व्हॉल्व्हसाठीच्या खाचा ५ सीसीच्या. पिस्टन टोकाला असताना तो ब्लॉकच्या पृष्ठभागाखाली ०.०२५ इंच राहतो, त्या फटीत ५ सीसी. ०.०४० इंच जाडीच्या गॅस्केटमध्ये जवळपास ९ सीसी. हे झाले १९. हेडचा दहनकक्ष ६४ सीसी असेल तर एकूण ८३ आणि कॉम्प्रेशन, म्हणजे (७१७ + ८३) भागिले ८३, सुमारे ९.६. तेच हेड ७६ सीसीचं असेल, १९७० च्या दशकातल्या अनेक हेडांसारखं, तर कॉम्प्रेशन ८.५ वर येतं. बाकी काहीही न बदलता एका पॉइंटहून जास्त फरक. जुन्या ७६ सीसीच्या हेडवर मोठा कॅम घालून इंजिन सुस्तावलं अशी तक्रार कानावर आली की मला हे गणित आठवतं. लांब कॅम इनटेक उशिरा बंद करतो, त्यामुळे कमी आरपीएमला दाब आधीच कमी तयार होतो. त्यात कॉम्प्रेशन कमी आणि पोर्ट मोठे, म्हणजे खालचा टॉर्क तिन्ही बाजूंनी गेला.

छापील सीसीवर विसंबू नका, मोजा. काम सोपं आहे. हेड दहनकक्ष वर येईल असं जवळजवळ सपाट, पण किंचित तिरपं ठेवायचं. व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग जागेवर बसवायचे. दहनकक्षाच्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावून त्यावर जाड पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा दाबायचा. त्याला एक भोक पाडलेलं असतं, ते वरच्या कडेला येईल असं बसवायचं. मग काचेच्या ब्युरेटमधून रंग मिसळलेलं स्पिरिट हळूहळू सोडायचं. शेवटचा हवेचा बुडबुडा भोकाकडे सरकतो, निघून जातो, आणि ब्युरेटवर आकडा वाचायचा. सगळे कक्ष असेच मोजायचे. ६४ म्हणून विकलेलं हेड ६६ निघणं अजिबात नवलाचं नाही, आणि आधी फेसिंग (पृष्ठभाग तासण्याचं काम) झालेलं जुनं हेड ६१ ही निघू शकतं.

दहनकक्षाचा सपाट भाग आणि पिस्टनचा सपाट भाग टोकाला अगदी जवळ येतात तेव्हा तिथलं मिश्रण पिळून प्लगकडे फेकलं जातं. त्या खळबळीने ज्योत भराभर पसरते आणि नॉकिंगची (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याची) शक्यता कमी होते. हे अंतर ०.०३५ ते ०.०४५ इंच, म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास हवं. वरच्या उदाहरणात ते ०.०२५ अधिक ०.०४०, म्हणजे ०.०६५ आहे. पिळण्याचा परिणाम तिथे बराच मावळतो. ब्लॉकचं फेसिंग करून पिस्टन पृष्ठभागाबरोबर आणला की अंतर ०.०४० होतं, पण कॉम्प्रेशन १०.२ वर चढतं आणि लोखंडी हेडसह साध्या पेट्रोलवर ते जड जातं. इथे अनेकजण जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन उतरवतात. तसं करू नका. अंतर तसंच घट्ट ठेवा आणि १२ सीसीच्या खोलगट पिस्टनने कॉम्प्रेशन साडेनऊला आणा. फक्त खोलगटपणा दहनकक्षाच्या खाली असावा आणि पिळणाऱ्या भागासमोर पिस्टन सपाट राहावा. आकडा तोच, पण इंजिन कितीतरी शांत आणि ओढणारं होतं.

दहनकक्ष चांगला आहे का याची एक खूण इग्निशन टायमिंगमध्ये दिसते. जुन्या स्मॉल ब्लॉक हेडांना पूर्ण ॲडव्हान्स (पिस्टन टोकाला पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी द्यायची ते) ३६ अंशांच्या पुढे लागतो. व्हॉर्टेकच्या हृदयाच्या आकाराच्या कक्षात ३२ च्या आसपास काम होतं. लवकर ठिणगी द्यावी लागत नाही, कारण मिश्रण लवकर जळतं.

लोखंडी की ॲल्युमिनियम

ॲल्युमिनियमच्या जोडीने गाडीचं वजन २० किलोच्या आसपास घटतं. उष्णता लवकर निघून जाते, त्यामुळे त्याच पेट्रोलवर कॉम्प्रेशन अर्धा ते एक पॉइंट जास्त ठेवता येतं: लोखंडी हेडला साडेनऊ, तर ॲल्युमिनियमला १० ते साडेदहा. चीर गेली किंवा दहनकक्ष दुखावला तर वेल्डिंग करून दुरुस्त करता येतं. पण फायदा कॉम्प्रेशन वाढवलं तरच मिळतो. नऊच्या कॉम्प्रेशनवर लोखंडी हेड काढून तसंच ॲल्युमिनियमचं बसवलं तर धातू बदलल्याने ताकद वाढत नाही. जी वाढ दिसते ती चांगल्या पोर्टची असते.

ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. लोखंडी ब्लॉकवर ते प्रत्येक वेळी घासत सरकतं, म्हणून गॅस्केट ते सोसणारं हवं. इंजिन एकदा जरी उकळलं तरी हेड वाकण्याची भीती लोखंडीपेक्षा जास्त. पैसे बेताचे असतील, गाडी मालवाहू असेल, तर चांगलं लोखंडी हेड घेण्यात काही कमीपणा नाही.

जोडीदार भाग

हेड एकटं कधीच येत नाही. व्हॉर्टेकचंच बघा. ३५० साठी स्वस्तात मिळणारं इतकं चांगलं लोखंडी हेड दुसरं नाही असं मी म्हणेन: १७० सीसीच्या आसपासचा पोर्ट, ६४ सीसीचा कक्ष, मधल्या लिफ्टला उत्तम फ्लो. पण जुना इनटेक मॅनिफोल्ड (पोर्टपर्यंत हवा आणणारा भाग) त्यावर बसत नाही, बोल्टची मांडणीच वेगळी आहे. रॉकर (पुश रॉडचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या पट्ट्या) स्वतःच सरळ राहणाऱ्या जातीचे लागतात. आणि कारखान्यातून आलेल्या अवस्थेत ०.४७० इंचाच्या आसपास लिफ्ट झाली की स्प्रिंगची वरची वाटी व्हॉल्व्ह गाईडच्या (व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळीच्या) टोकावर आपटते. गाईडचं टोक छाटून घेतलं की मोठा कॅम चालतो, पण तो खर्च आधीच धरायला हवा.

कुठल्याही हेडच्या बाबतीत स्प्रिंग कॅमच्या मापाची आहे का ते पाहा. तयार जोडून आलेल्या हेडातल्या स्प्रिंग सरासरी गिऱ्हाइकासाठी असतात. पुश रॉडची लांबीही नव्याने मोजून घ्यावी लागते. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर इनटेकला किमान ०.०८० इंच, एक्झॉस्टला ०.१०० हवं. पिस्टनवर मऊ मातीचा थर लावून, हेड तात्पुरतं बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, मग व्हॉल्व्हचा ठसा कापून मातीची जाडी मोजायची.

चार व्हॉल्व्हवाल्या आधुनिक इंजिनांत हा सगळा खल फारसा करावा लागत नाही. दोन लहान व्हॉल्व्हचा मिळून घेर मोठा, प्लग मधोमध, पोर्ट कारखान्यातच नीट घडवलेले. तिथे मूळ हेडच नीट दुरुस्त करून घेणं बहुतेकदा सगळ्यात शहाणपणाचं.

जुनं हेड घेताना

स्मॉल ब्लॉकच्या हेडचा कास्टिंग नंबर व्हॉल्व्ह कव्हरच्या खाली असतो. तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. चीर तपासणी लोखंडी हेडला चुंबकीय पद्धतीने आणि ॲल्युमिनियमला रंग झिरपवून करतात. दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कडांच्या) मधली पट्टी आणि एक्झॉस्ट सीटचा परिसर खास बघायचा. खूप जुनं हेड असेल तर एक्झॉस्टला कडक सीट बसवलेल्या आहेत का ते विचारा, कारण शिसंविरहित पेट्रोलवर मऊ लोखंडी सीट भराभर झिजते.

हातात थोडेच पैसे असतील तर ते व्हॉल्व्हच्या कामावर घाला. सीटवर ३०, ४५ आणि ६० अंशांचे तीन कोन नीट कापले, सीटच्या खालची कडा वाटीत सफाईदार मिसळली आणि गाईड घट्ट केले, की साधं हेडही कमी लिफ्टला लक्षणीय सुधारतं. पोर्ट स्वतः घासून मोठा करण्याचा मोह मात्र आवरा. त्या आतल्या वळणावरून चुकीचे दोन मिलिमीटर गेले की परत येत नाहीत.

बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. ॲल्युमिनियम हेडवर प्रत्येक बोल्टखाली कडक वॉशर हवा, नाहीतर बोल्टचं डोकं धातूत रुततं आणि टॉर्क रेंच खोटा आकडा दाखवतो. स्मॉल ब्लॉकमध्ये हेड बोल्टची भोकं थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात, म्हणून आट्यांना सीलंट लावूनच बोल्ट घालायचे. ते राहिलं तर पाणी आट्यांवरून वर चढतं, ऑइलमध्ये उतरतं, आणि नवंकोरं हेड गॅस्केट विनाकारण बदललं जातं.